पहिले बाळंतपण दवाखान्यात: बेळगाव सीमाभागातील कुटुंबांसाठी तयारीचे टप्पे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, कागवाड, अथणी या तालुक्यांत ज्यांच्या घरी पहिलटकरीण आहे, अशा मराठी कुटुंबांसाठी हा लेख लिहिला आहे. औषधोपचाराचा सल्ला डॉक्टरांकडूनच घ्यावा. येथे भर आहे तो कळा सुरू होण्यापूर्वी घरच्यांनी उरकून ठेवायच्या गोष्टींवर. बाळंतपणात जे अचानक घडते ते डॉक्टर आणि सिस्टर सांभाळतात. परंतु कार्डावरचे नाव जुळत नाही, रक्तगटाचा कागद सासरी राहिला, पुलावर पाणी आले, सही कशावर करतो आहोत ते वाचता येत नाही, या अडचणी महिनाभर आधीपासून दिसत असतात आणि त्या तेव्हाच सोडवता येतात.

माहेर की सासर, हे आधी ठरवा

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. सीमाभागात या रीतीला आणखी एक पदर असतो. सासर बेळगावात आणि माहेर चंदगड, गडहिंग्लज किंवा आजऱ्याकडे, अथवा नेमके उलट, अशी घरे येथे गल्लोगल्ली आहेत. अंतर फारसे नसते, पण मध्ये राज्याची हद्द असते, आणि हद्द ओलांडली की कार्ड, योजना, रुग्णवाहिका, अर्जाची भाषा आणि बाळाचा जन्मदाखला, सगळेच बदलते. त्यामुळे बाळंतपण कोठे करायचे हा प्रश्न केवळ मायेचा राहत नाही. तो ओटीभरणाच्या गडबडीत, पाहुण्यांच्या समोर, घाईने सोडवू नये. सातव्या महिन्याच्या सुरुवातीलाच दोन्ही घरच्यांनी बसून ठरवावा.

माहेरी जायचे ठरले, तर चौतिसाव्या आठवड्याच्या आसपास तेथे पोहोचलेले बरे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात, काही त्रास नसला तरी, ज्या दवाखान्यात बाळंतपण करायचे आहे तेथे एकदा तपासून घ्यावे. रात्री दोन वाजता कळा देत आलेल्या अनोळखी बाईचा इतिहास विचारण्यात जो वेळ जातो, तो या एका फेरीने वाचतो. गरोदरपणाच्या नोंदणीचा आरसीएच क्रमांक कार्डावर लिहिलेला असतो. कर्नाटकात या कार्डाला तायी कार्ड म्हणतात, तर महाराष्ट्रात माता-बाल संरक्षण कार्ड. हद्दीपलीकडे गेल्यावर तेथील आशाताईंना किंवा उपकेंद्राच्या सिस्टरना जुने कार्ड दाखवून नाव कळवावे. नवे कोरे कार्ड काढून जुने घरी ठेवले, तर आधीच्या सात महिन्यांच्या तपासण्या डॉक्टरांना दिसतच नाहीत.

रक्तदाब वाढलेला, साखर वाढलेली, जुळी बाळे, वार खाली असणे, बाळ आडवे असणे, रक्त फारच कमी असणे, यांपैकी काहीही असेल, तर ज्या डॉक्टरांनी आतापर्यंत पाहिले आहे त्यांना विचारल्याशिवाय गाव बदलू नये. माहेर रात्री सिझर होऊ शकणाऱ्या दवाखान्यापासून तासाभराहून दूर असेल, तर शेवटचे दोन-तीन आठवडे मुलीला शहरातल्या नातेवाइकांकडे ठेवावे आणि आईनेच तिकडे येऊन राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. रीत मोडल्याचे चार लोक बोलतील; बोलू द्यावे.

दवाखाना निवडताना काय विचारायचे

बेळगाव शहरात जिल्हा रुग्णालय म्हणजे बिम्स, ज्याला जुनी माणसे अजून सिव्हिलच म्हणतात, आणि केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय ही दोन मोठी ठिकाणे असून त्याशिवाय खासगी प्रसूतिगृहे अनेक आहेत. खानापूर, चिकोडी, हुक्केरी, अथणी येथे तालुका रुग्णालये आहेत. निपाणीकडची मंडळी कोल्हापूर किंवा गडहिंग्लज जवळ करतात, कागवाड-अथणीकडची मिरज-सांगली, आणि चंदगडची माणसे बेळगावला येतात. ही वहिवाट चुकीची नाही, परंतु आपला दवाखाना केवळ वहिवाटीवर ठरवू नये.

पहिल्या बाळंतपणात सारे सुरळीत होण्याची शक्यता अधिक असते. तरीही सुरळीत होईलच हे आधी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून विचारायचे प्रश्न थोडेच, पण नेमके असावेत. रात्री आणि रविवारी सिझर होते का? भूल देणारे डॉक्टर बोलावल्यापासून किती वेळात येतात? रक्त तेथेच मिळते की बाहेरून आणावे लागते? बाळाला श्वासाचा त्रास झाला, तर नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे की बाळाला दुसरीकडे न्यावे लागते? जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सरळ बाळंतपण उत्तम होऊ शकते. तेथे अडले तर पुढे कोठे पाठवतात आणि कशाने पाठवतात, एवढे मात्र विचारून ठेवावे.

खासगी दवाखान्यात नॉर्मल आणि सिझर दोन्हींचा अंदाजे खर्च लिहून मागावा. औषधे, खोली, भूल, बाळाच्या डॉक्टरांची फी, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावे लागल्यास रोजचा आकार, हे त्यात धरले आहे की वेगळे, ते विचारावे. आयुष्मान कार्ड चालते का, आणि चालत असेल तर नेमके कशासाठी चालते, हेही आधीच स्पष्ट करून घ्यावे, कारण काउंटरवर मिळणारे "चालतंय की" हे उत्तर बिलाच्या दिवशी उपयोगाचे नसते.

तपासण्या आणि त्यांचे कागद

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवून तेथून नऊ महिने पुढे मोजले, की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर केव्हाही दिवस भरल्याचे मानतात. म्हणजे तयारी दिलेल्या तारखेला नव्हे, तर तिच्या तीन आठवडे आधी पूर्ण हवी.

गरोदरपणात किमान चार तपासण्या व्हायलाच हव्यात. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. २०१६ पासून ती चालू आहे आणि त्या दिवशी डॉक्टरांची भेट होण्याची खात्री अधिक असते. हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, एचआयव्ही, कावीळ ब आणि गुप्तरोगाची चाचणी, तसेच अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमाराची सोनोग्राफी, यांचे कागद एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये तारखेनुसार लावावेत आणि प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. सोनोग्राफीच्या वेळी मुलगा की मुलगी हे विचारू नये; १९९४ च्या कायद्याने विचारणाराही गुन्हेगार ठरतो.

यातले दोन कागद विशेष जपावेत. पहिला हिमोग्लोबिनचा. गरोदरपणी ते ११ च्या खाली असले तर रक्त कमी आहे असे धरतात आणि ७ च्या खाली गेले तर तो धोकाच असतो. मोफत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या मळमळते किंवा शौचाला काळे होते म्हणून उतरंडीत पडून राहतात, हे घराघरांतले चित्र आहे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास दूर ठेवावी. तरीही सोसत नसेल तर बंद न करता डॉक्टरांना सांगावे. दुसरा कागद रक्तगटाचा. आईचा गट निगेटिव्ह असेल, तर पतीचा गट तपासून घ्यावा, अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शनाविषयी विचारावे आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास जन्मानंतर ७२ तासांच्या आत ते इंजेक्शन द्यावे लागते, हे घरातल्या एका शहाण्या माणसाने तारखेसह लक्षात ठेवावे. निगेटिव्ह रक्त ऐनवेळी शोधायला लागू नये म्हणून त्याच गटाचे दोन दाते आधीच सांगून ठेवावेत.

आता ओळखीच्या कागदांविषयी. सीमाभागातल्या सुनांची खरी अडचण येथे असते. आधार माहेरच्या नावाने आणि महाराष्ट्राच्या पत्त्यावर, तायी कार्ड सासरच्या नावाने, बँकेचे खाते लग्नापूर्वीचे, आणि कर्नाटकातल्या रेशन कार्डात नाव अजून चढलेलेच नाही. समजा, आधारावर सुनीता मारुती पाटील, कार्डावर सुनीता परशराम देसाई आणि पासबुकावर नुसते सुनीता एम., तर तिन्ही कागद एकाच बाईचे आहेत हे तिच्या घरच्यांना कळते, संगणकाला कळत नाही. योजनेचे पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात, त्यामुळे ते अशाच घरांत अडकतात. पाचव्या महिन्यापर्यंत आधारावरचे नाव आणि पत्ता दुरुस्त करून घ्यावा, माहेरच्या रेशन कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणून सासरच्या कार्डात ते घालावे, आणि आईच्या स्वतःच्या नावाचे खाते चालू आहे ना, हे बँकेत जाऊन पाहावे. पतीचे किंवा सासूचे खाते या कामी चालत नाही.

पैसे आणि योजना

शासकीय दवाखान्यात बाळंतपण मोफत असते. १ जून २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार नॉर्मल असो वा सिझर, औषधे, तपासण्या, रक्त, नॉर्मलनंतर तीन आणि सिझरनंतर सात दिवसांपर्यंतचा आहार, दवाखान्यात येण्याची व घरी सोडण्याची गाडी, यांचा खर्च शासनाने करायचा असतो. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी मिळाली, तर ते आतल्या औषधालयात नाही का, हे एकदा नम्रपणे विचारावे.

जननी सुरक्षा योजनेत कर्नाटकातल्या दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या मातेला दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: ३,००० रुपये वेळेत नोंदणी आणि तपासणी झाल्यावर, उरलेले २,००० रुपये जन्मनोंद आणि पहिल्या टप्प्याचे लसीकरण झाल्यावर. अर्जासाठी अंगणवाडीत जावे. हे पैसे बाळंतपणाच्या दिवशी हातात नसतात, म्हणून शासकीय दवाखाना असला तरी सोबतच्यांचे जेवण, रिक्षा आणि किरकोळ खर्चासाठी सुट्ट्या नोटा घरीच बाजूला ठेवाव्यात.

वाट, पाऊस आणि गाडी

बाळंतपणाची तारीख जून ते सप्टेंबरमध्ये येत असेल, तर दवाखान्याइतकाच रस्त्याचा विचार करावा लागतो. निपाणी-चिकोडी भागात कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांना पाणी आले की बुटके पूल आणि बंधारे बुडतात. कल्लोळ-येडूर बंधाऱ्यावर पाणी चढल्याची बातमी पावसाळ्यात नित्याची असते. पश्चिमेला खानापूर तालुक्यात कणकुंबी, जांबोटीचा पाऊस वेगळाच. भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, गवाळीसारख्या वस्त्यांत ओढे भरले की गाडी गावापर्यंत येतच नाही आणि आजाऱ्याला खांद्यावरून आणावे लागते. अशा गावांतल्या पहिलटकरणीला कळा सुरू होण्याची वाट पाहत गावात ठेवणे योग्य नाही. छत्तिसाव्या आठवड्यानंतर तिने खानापुरात किंवा बेळगावात येऊन राहावे आणि सोय नसेल तर आशाताईंमार्फत दवाखान्यातच आधी दाखल होता येईल का, हे विचारावे.

नदीकाठच्या गावांनी दोन वाटा ठरवाव्यात: एक रोजची, दुसरी पूल बुडाल्यावरची. दुसऱ्या वाटेने जवळ पडणारा दवाखाना कधी कधी निराळाच असतो, तेव्हा त्याचाही क्रमांक लिहून ठेवावा.

१०८ ची रुग्णवाहिका कर्नाटकात १ नोव्हेंबर २००८ पासून धावते आणि ती मोफत आहे. सीमेलगत मात्र मोबाईल कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो आणि फोन भलत्याच राज्याच्या केंद्राला लागण्याची शक्यता राहते. म्हणून बोलताना सर्वांत आधी राज्य, मग जिल्हा, तालुका, गाव आणि एखादी ठळक खूण सांगावी. "मारुतीच्या देवळाजवळ" एवढ्याने भागत नाही; मारुतीचे देऊळ प्रत्येक गावात आहे. रुग्णवाहिका साधारणपणे जवळच्या शासकीय दवाखान्यात नेते. हद्द ओलांडून आपल्या पसंतीच्या दवाखान्यात नेईलच, असे गृहीत धरू नये. पलीकडेच जायचे असेल, तर गावातल्या दोन गाडीवाल्यांना आधी सांगून ठेवावे, दोघांचे क्रमांक भिंतीवर ठळक लिहावेत आणि शेवटच्या महिन्यात त्यांच्या गाडीत डिझेल असते ना, याची आठवण द्यावी. मोटारसायकलवर बसवून कळा देणाऱ्या बाईला नेणे कोणत्याही कारणाने टाळावे.

पिशवी भरताना

बाळ होण्याआधी त्याच्यासाठी नवीन काही आणू नये, असे पुष्कळ घरांत मानतात. तो समज मोडण्याची गरज नाही, कारण बाळाला पहिल्या दिवसांत नवे कपडे हवेच नसतात. आजीची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती नऊवारी काढावी, काठ कापून टाकावेत, कारण काठाची जर आणि शिवण बाळाच्या कातडीला टोचते, आणि उरलेल्या कापडाची हातभर चौकोनी दुपटी करून गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत. आठ-दहा दुपटी, तितकेच लंगोट, दोन-तीन बांधायची झबली, टोपडे आणि मोजे एवढे बाळाला पुरते. ही दुपटी स्वच्छ पिशवीत बांधून ठेवावीत. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांजवळ ठेवू नयेत.

आईसाठी पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, आतले कपडे, मोठ्या आकाराचे पॅड, टॉवेल, चप्पल, कंगवा, चादर आणि शाल घ्यावी. बादली, मग, ताट, वाटी, चमचा, थर्मास आणि पाण्याची बाटली शासकीय दवाखान्यात हमखास लागते. चार्जर विसरू नये. सोन्याचे दागिने, हिरवा चुडा, नखांचा रंग घरीच उतरवून ठेवावा. काचेच्या बांगड्या लेबर रूममध्ये काढायला लावतात आणि घाईत त्या फुटून हाताला लागतात. कागदांची फाईल या पिशवीत न टाकता सोबत जाणाऱ्या बाईच्या हातात वेगळी द्यावी.

केव्हा निघायचे

पहिलटकरणीला पहिल्या कळेपासून बाळ होईपर्यंत बराच वेळ लागतो. बारा-चौदा तास हे काही विशेष नाही. कळा अधूनमधून येऊन थांबत असतील, चालल्यावर कमी होत असतील, तर त्या बहुधा खोट्या असतात. खऱ्या कळांमधले अंतर हळूहळू कमी होते आणि जोर वाढत जातो. शहरात राहणाऱ्यांनी कळा पाच मिनिटांनी येऊ लागल्या आणि प्रत्येक कळ मिनिटभर टिकू लागली की निघावे, असा साधारण नियम सांगतात. ज्यांना तासभराचा रस्ता आहे त्यांनी एवढी वाट पाहू नये. दहा मिनिटांच्या अंतराने नियमित कळा आल्या की गाडी सांगावी.

काही वेळा कळांचा हिशेब करतच बसायचे नसते. अंगावरून लाल रक्त जाणे, पाणमोट फुटणे (पाणी हिरवट असेल तर अधिकच तातडीने), बाळाची हालचाल कमी वाटणे, डोके फार दुखून डोळ्यांसमोर अंधारी येणे, तोंडावर सूज, पोटाच्या वरच्या भागात तीव्र दुखणे, झटके येणे, ताप येणे, यांपैकी काहीही झाले, तर दिवस असो वा रात्र, सरळ दवाखाना गाठावा. थोडा चिकट, किंचित रक्ताळलेला स्राव ही मात्र बाळंतपण जवळ आल्याची नेहमीची खूण असते.

दवाखान्यात पोहोचल्यावर

केसपेपर काढणारा, सिस्टर आणि डॉक्टर हे तिघेही मराठी बोलतील असे नाही. बेळगाव शहरात बहुतेकांना समजते, चिकोडी-अथणीकडे कन्नडच सोयीची पडते. सोबत एक कन्नड येणारी बाई असावी. ती न मिळाल्यास निदान चार शब्द घोकून ठेवावेत: नोवु म्हणजे दुखणे, तलेनोवु म्हणजे डोके दुखणे, नीरु म्हणजे पाणी, मगू म्हणजे बाळ, रक्त तेथेही रक्तच. बोट दाखवून एवढे शब्द बोलले तरी सिस्टरना अंदाज येतो.

संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत छापलेले असते. त्यावर सही करण्यापूर्वी ते कशासाठी आहे, सिझरसाठी, भुलीसाठी, रक्त देण्यासाठी की तांबी बसवण्यासाठी, हे मराठीत समजावून सांगा असे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. सही शक्यतो खुद्द आईने करावी. तिच्या शरीराचा निर्णय आहे आणि शुद्धीत असताना तो तिचाच असतो. प्रसूतीनंतर लगेच, ४८ तासांच्या आत, तांबी बसवण्याची सोय शासकीय दवाखान्यात असते. ती हवी की नको हे पतिपत्नींनी घरीच बोलून ठेवावे, म्हणजे कळा देताना विचारलेल्या प्रश्नाला गोंधळून "हो" म्हटले जात नाही.

शासकीय लेबर रूममध्ये धीर द्यायला एक बाई सोबत ठेवण्याची मुभा देणारे धोरण आहे. ती बाई स्वतः बाळंतपण अनुभवलेली, घाबरट नसलेली आणि डॉक्टरांशी वाद न घालणारी असावी. सासू की आई यावर मानापमान करण्याची ही जागा नव्हे, मुलीला कोणाचा हात धरावासा वाटतो एवढेच पाहावे. कळा चालू असताना थोडे चालणे, कुशीवर पडणे, पाणी किंवा पातळ पेज घेणे चालते का, हे सिस्टरना विचारून करावे. गर्भपिशवीचे तोंड पूर्ण उघडण्याआधी जोर काढायला लावणे, पोट दाबायला सांगणे, लवकर सुटका व्हावी म्हणून "एक इंजेक्शन मारा" असा आग्रह धरणे, हे नातेवाइकांनी करू नये. कळा वाढवणाऱ्या इंजेक्शनाने बाळाचा श्वास कोंडू शकतो. ते केव्हा द्यायचे हे बाळाचे ठोके ऐकूनच ठरवतात.

बाळ बाहेर आल्यावर सगळ्यांचे लक्ष बाळाकडे वळते, आणि नेमक्या त्याच वेळी आईकडे लक्ष हवे असते. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचे एक मोठे कारण आहे. या विषयावरचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या बेळगाव जिल्ह्यातच झाला होता: २००२ ते २००५ या काळात चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरात १,६२० बायकांपैकी निम्म्यांना प्रसूतीनंतर गर्भपिशवी आकसवणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तेव्हा अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज दवाखान्यात बाळ होताच आईला गर्भपिशवी आकसण्याचे इंजेक्शन देतात, ते यासाठीच. तरीही पहिल्या दोन तासांत पॅड भराभर भिजू लागले, आईला गरगरले, हातपाय गार पडले किंवा ती फार अस्वस्थ झाली, तर "बाळंतिणीला असे होतेच" असे म्हणत बसू नये. सिस्टरना हाक मारावी आणि त्या येईपर्यंत हाका थांबवू नयेत.

बाळाचे पहिले दोन दिवस

बाळ आईच्या छातीवर उघडे ठेवून वरून पांघरूण घालणे, तासाच्या आत अंगावर पाजणे, आणि पहिले घट्ट पिवळे चीक-दूध न टाकता पाजणे, एवढ्या तीन गोष्टी झाल्या की बाकीचे फारसे काही करायचे नसते. मध, गुळाचे पाणी, घुटी, साखरपाणी यांतले काहीही बाळाच्या जिभेला लावू नये. दूध उतरत नाही अशी तक्रार पहिल्या दिवशी जवळजवळ प्रत्येक पहिलटकरीण करते. बाळाचे पोट तेव्हा इतके लहान असते की चिकाचे थोडे थेंबही त्याला पुरतात, आणि वरचेवर पाजल्यानेच दूध वाढते. पहिल्या दिवशी आंघोळ घालू नये. बेंबीला हळद, तेल, राख काही न लावता ती कोरडी ठेवावी.

घरी सोडण्यापूर्वी बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि २४ तासांच्या आत द्यायची कावीळ ब ची लस मिळाली आहे ना, ते कार्डावर पाहावे. बाळाचे वजन लिहून घ्यावे. अडीच किलोच्या खाली असेल तर बाळाला उबेत कसे ठेवायचे हे शिकूनच निघावे. नॉर्मल बाळंतपणानंतरही ४८ तास दवाखान्यात थांबणे इष्ट असते. खाट अवघडते, डास चावतात, घरी बरे वाटेल, हे सारे खरे असले तरी पहिल्या दोन दिवसांतच धोके अधिक असतात.

घरी आल्यावर

बाळंतिणीची खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवणे आणि ओवा-शेपाची धुरी देणे अजून अनेक घरांत चालते. शेक घ्यायला हरकत नाही, पण शेगडी दाराबाहेर पेटवून धूर जाऊ द्यावा, खिडकी उघडी ठेवावी आणि निखारे घेऊन कोणी झोपू नये. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. पाणी तोडणे तर पूर्ण चुकीचे आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला एरवीपेक्षा जास्त पाणी लागते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरे, बाळंतशेपा हे आपले पदार्थ उत्तमच आहेत, मात्र त्यांच्या जोडीला भाकरी, डाळ, मेथी-शेपूची भाजी, फळे आणि चालत असेल तर अंडी व मासे असावेत. नुसत्या तुपाच्या शिऱ्यावर बाळंतीण सुधारत नाही.

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या मातेकडे आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहायचे असते. माहेर दुसऱ्या गावी असेल, तर तेथील आशाताईंना आपण आल्याचे कळवावे, नाहीतर दोन्ही गावांच्या यादीतून नाव निसटते. बाळ दूध ओढेनासे झाले, फार गार किंवा गरम लागले, श्वास जोरात चालू लागला, पहिल्याच दिवशी पिवळे दिसले किंवा तळपाय पिवळे झाले, तर बारशाची तयारी बाजूला ठेवून दवाखान्यात न्यावे. आईला ताप, दुर्गंधी येणारा स्राव, पोटरीत एकाच बाजूला दुखणे-सूज, किंवा मन सतत खिन्न राहून बाळाकडे पाहावेसेही न वाटणे, यांनाही तेवढेच महत्त्व द्यावे. यातले शेवटचे लक्षण घरात कोणी आजार मानत नाही. तो आजारच असतो आणि त्यावर उपचार आहेत.

जन्मनोंद

जन्माची नोंद बाळ जेथे जन्मले तेथे होते, आईवडील राहतात तेथे नव्हे. बाळ कोल्हापुरात झाले तर दाखला महाराष्ट्राचा, बेळगावात झाले तर कर्नाटकाचा मिळतो. दोन्ही देशभर सारखेच चालतात. दवाखान्यातल्या बाळंतपणाची माहिती दवाखानाच निबंधकाकडे पाठवतो. तरी ती २१ दिवसांच्या आत गेली ना, याची चौकशी करावी, कारण त्यानंतर विलंब शुल्क लागते आणि वर्ष उलटले की प्रकरण वरच्या अधिकाऱ्याकडे जाते. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदार नोंदणी, पासपोर्ट अशा अनेक कामांसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला द्यावा लागतो.

दवाखान्यात नोंदीचा अर्ज कोणीतरी ऐकून ऐकून भरत असतो, आणि ऐकण्यात नावे बदलतात. आईवडिलांची नावे आधारवर आहेत तशी, अक्षर न अक्षर, एका कागदावर मोठ्या इंग्रजी लिपीत लिहून सिस्टरच्या हाती द्यावीत आणि भरलेला अर्ज सही करण्यापूर्वी वाचून घ्यावा. कन्नड येत नसेल तर इंग्रजीतला भाग तरी नीट पाहावा: आडनाव शेवटी आले आहे का, वडिलांचे पूर्ण नाव आहे की नुसते आद्याक्षर, पत्ता सासरचा घातला की माहेरचा. बाळाचे नाव बारशाआधी ठरलेले नसेल, तर ती जागा मोकळी सोडता येते आणि वर्षभराच्या आत विनाशुल्क नाव घालता येते. बारशाच्या गडबडीत सुचलेले एखादे टोपणनाव तेथे घालू नये. दाखला हाती आल्यावर त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवाव्यात, कारण मातृ वंदनेचा दुसरा हप्ता, रेशन कार्डात बाळाचे नाव आणि बाळाचे आधार या तिन्ही कामांना तो लगेच लागतो.